ऑइलपेंटनं लिहिलेली ओळ

अंबाजोगाई,
१२ मे

प्रिय कलीम,

तुझ्या गॅरेजपासून माझं घर एवढं जवळ, की तू पान्हा आपटलास तर माझा चहा हिंदकळतो. मग पत्र कशाला, असं तू विचारशील. तोंडानं सांगायला बसलो की मी विनोद करतो, तू हसतोस, आरजूभाभी चहा आणतात आणि सांगायचं राहून जातं. गेल्या पाच महिन्यांत असं सहा वेळा झालं. सहाही वेळा चहा चांगला होता. म्हणून आज कागद घेतला. कागद हसत नाही, हे त्याचं बरं आहे.

तुझी एक सवय मला पहिल्यापासून आवडते. गाडीत नवा पार्ट घातलास की काढलेला जुना पार्ट तू कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात देतोस. गिऱ्हाईक म्हणतं, मला काय करायचाय तो, फेकून द्या. तू म्हणतोस, “फेका की, पण तुमच्या हातानं फेका.” आणि गुंडाळायला कागद कुठला, तर आपल्या साप्ताहिकाचा, त्यातही नेमकं माझ्या सदराचं पान. माझा मजकूर या तालुक्यात घरोघर कुणी पोचवला असेल तर तो झिजलेल्या ब्रेक लायनरनी.

माझे वडील, अण्णा, दवाखान्यातच वारले, त्या दिवशी त्यांना घाटनांदूरला न्यायचा गाडीवाल्यानं जो आकडा सांगितला, तो ऐकून अण्णाच उठून बसतील असं मला वाटलं होतं. तू दुरुस्तीला आलेला टेम्पो रिकामा केलास, हौदा धुतलास आणि अण्णांना गावी नेलंस. येताना मी रडत होतो आणि तू रस्त्याकडे बघत म्हणालास, “अंगद्या, हे रोज कुणाचं तरी होत असंल बे.” बस, त्या एका वाक्यावर आपली शववाहिका उभी राहिली. भंगारातली मॅटाडोर तू चालती केलीस, ट्रस्ट नोंदवला, तू अध्यक्ष झालास, मला सचिव केलंस. बारा वर्षं तू धारूरच्या डोंगरातल्या वाड्यांपर्यंत लोकांची माणसं पोचवलीस. जात विचारली नाहीस, डिझेल मागितलं नाहीस. दिलं तर गॅरेजच्या डब्यात, न्हाई दिलं तर सलाम.

त्या बारा वर्षांत मी काय केलं? मी लिहिलं. निवडणूक जवळ आली की आपल्याकडच्या ट्रस्टांना कशी पालवी फुटते, ते लिहिलं. साहेबांच्या रुग्णवाहिकेवर साहेबांचा फोटो एवढा मोठा की पेशंटला मागून धावत यावं लागतं, असं लिहिलं. मोफत चष्म्यांच्या शिबिरावर लिहिलं की नंबर कुठलाही निघो, चष्म्यातून चिन्ह एकच दिसतं. मंडी बाजारात लोक टाळ्या देऊन वाचायचे. दानाचा पैसा प्रचारात कसा वळवतात, ते मला तोंडपाठ होतं. हे वाक्य लक्षात ठेव, पुढं लागणार आहे.

मग तू नगरपालिकेला उभा राहिलास. अपक्ष. आणि गॅरेजच्या भिंतीवर जिथं “हिरो होंडा, क्लच, बुधवारी” असं लिहायचास, त्या फळ्यावर रोज संध्याकाळी प्रचाराचा जमाखर्च लिहायला लागलास. कुणी किती दिले, कशावर गेले. “रहमतुल्ला मामू, साखर दोन किलो.” “रिक्षा भोंगा, सहाशे.” माझ्या नावानं तर तू लिहिलंस, “अंगद, पाचशे. रागावून परत मागितले. दिले.” सगळा वॉर्ड तो फळा वाचायला थांबायचा. समोरच्या पार्टीची पोरंसुद्धा यायची, वाचायची आणि जाताना मान हलवून म्हणायची, “हे याड लागलेलं माणूस हाय.” मला तुझा इतका अभिमान वाटायचा की मी चार लेख तुझी टिंगल करण्यात घालवले.

पण सगळ्या गावाला हिशेब दाखवणारा तू, मला मात्र ट्रस्टचे कोरे चेक सही करून देत होतास. मी एकदा म्हणालो होतो, अरे आकडा तरी बघत जा. तुझं उत्तर माझ्या कानात अजून आहे. “तुझ्याकडून जुना पार्ट मागू का आता मी?”

सरस्वतीबाई आठवतात ना, असं तुला विचारणं वेडेपणाचं आहे, पण सांगायची सुरुवात तिथूनच होते. तिचा नवरा भर मे महिन्यात गेला, लेक करिष्मा सुरतेहून निघाली आणि ती पोचेपर्यंत थांबता आलं नाही. लेकीला बापाचं तोंड दिसलं नाही. आया म्हणून जन्मभर दुसऱ्यांच्या लेकरांचं करून साठवलेले पंचेचाळीस हजार ती गेल्या दिवाळीआधी पिशवीत घालून घेऊन आली. म्हणाली, “ती थंड पेटी घ्या बाबा, मयत ठिवायची. कुणाच्या तरी लेकीला तोंड दिसंल.” पावती मी फाडली. पेटीचं कोटेशन मी मागवलं. आणि महिन्याभरानं, मतदानाला सहा दिवस असताना, भागवत मुकादमाचा फोन आला.

वरच्या वस्तीतली सगळी जोडपी तेव्हा सांगलीकडं ऊस तोडत होती. भागवत म्हणाला, “लोकांला यायचंय हो. कलीमभाईनं आमची मानसं घरी आनली. पन जाऊन येऊन दोन दिवसाची मजुरी बुडती, वर भाडं. कसं यावं?” त्यानं पैसे मागितले नाहीत, हे मला तुझ्यासमोर साफ सांगायचंय. तो फक्त वाईट वाटून बोलत होता. मागचा विचार सगळा माझा. वॉर्डातली मतं मी मोजली होती, तू पडत होतास. थोडक्यात, पण पडत होतास. आणि मला ते सहन होईना. जन्मभर हरणाऱ्यांवर आणि जिंकणाऱ्यांवर सारखंच हसलो, पण तू हरलेला बघायची माझी तयारी नव्हती.

मी तुझी सही असलेला एक चेक काढला आणि त्यावर पंचेचाळीस हजार लिहिले. दोन टेम्पो केले, जायचं यायचं डिझेल आणि वाटेतलं जेवण. मनात म्हटलं, जानेवारीत माझी विमा पॉलिसी पिकतेय, तेव्हा गुपचूप भरून टाकू, पेटी येईल, कुणाला कळणारही नाही. जे लोक असं करतात ते मनात नेमकं काय म्हणत असतील, याची मला लिहिताना नेहमी उत्सुकता असायची. आता कळलं. भागवतला मी बजावलं, लोकांना सांग, कुणी विचारलं तर म्हणायचं, आपल्या खर्चानं आलो.

मतदानाच्या दिवशी अकरा वाजता ते नाक्यावर उतरले आणि चालत आले. हातावर पाचटाचे ओरखडे, बायांच्या पदरात ऊस. तू गॅरेजच्या दारात उभा होतास. तू एकाला विचारलंस, “कसं काय आलात बे?” तो खाली बघत म्हणाला, “आलोत आपल्या आपल्यानं.” तू आत गेलास आणि जॅकवर चढवलेल्या जीपमागं उभा राहून रडलास. बाहेर आलास तेव्हा ऑइलच्या हातांनी पुसलेलं तोंड काळं झालं होतं. मी हसलो. बाकीचे हसले म्हणून मला हसावं लागलं.

एकोणीस मतांनी तू निवडून आलास. गुलालात तुला उचललं तर तू ओरडत होतास, “गुलालाचे पैसे कुणी दिले, नाव सांगा!” त्याच आठवड्यात तू फळा पुसलास, पण एक ओळ ठेवलीस. ती खडूनं राहणार नाही म्हणून पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलीस: “फडावरून आलेले मतदार त्रेचाळीस. स्वखर्चाने.” नगरपालिकेत गेल्यापासून कुणी पाकीट घेऊन आलं की तू त्याला त्या ओळीपाशी उभं करतोस, हे मी पाहिलंय. “हे बघा, ह्यांनी पदरचं घालून मत दिलंय. तुमचं घेऊन ह्यांना काय तोंड दाखवू?” कलीम, तू त्या ओळीवर उभा आहेस. आणि ती मी केलेली आहे.

जानेवारीत पॉलिसी पिकली. माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे मोहिनीच्या बापाच्या, ऑपरेशनला ते पैसे गेले. तू विचारलंस तेव्हा मी म्हणालो, पेटीवाल्या कंपनीनं उशीर लावलाय. मार्चमध्येही तेच म्हणालो. तू तिसऱ्यांदा विचारलं नाहीस, माझ्यावर तुझा विश्वास होता.

आणि मागच्या मंगळवारी सरस्वतीबाई गेली. बेचाळीस डिग्री ऊन. करिष्मा सुरतेहून निघालेली. पेटी नाही. तू बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणल्यास, भुसा घातलास, तिच्या अंगणात पोत्यांचा आडोसा केलास आणि सकाळपासून वितळलेलं पाणी बादलीनं काढत बसलास. मी पुढ्यात उभा होतो. तू मला म्हणालास, “तिकडं सावलीत बस, तुला बीपी हाय.” दिवस मावळायच्या आत करिष्मा आली. तिला आईचं तोंड दिसलं, ते तुझ्या हातांमुळं. सगळं उरकल्यावर ती पोरगी अगदी हळू आवाजात तुला म्हणाली, “आईनं पेटीला पैसे दिले होते ना, भाऊ?” आणि तू मान खाली घालून म्हणालास, “कंपनीनं उशीर लावला, ताई. माफ करा.” तू खोटं बोललास, कलीम. तुला माहीत नसताना, माझं खोटं तुझ्या तोंडातून निघालं. त्या घडीला माझं आत काय झालं, ते मला लिहिता येत नाही. मी फक्त लोकांबद्दल लिहायला शिकलोय.

काल मी सोसायटीतून कर्ज काढून पंचेचाळीस हजार ट्रस्टच्या खात्यात भरले. पेटी पुढच्या आठवड्यात येईल. दुसरा कुणी असता तर इथं थांबला असता, आणि खरं सांगतो, काल दुपारपर्यंत मीही थांबणार होतो. पण नवा पार्ट बसवला एवढ्यानं तुझ्या गॅरेजात काम संपत नाही. जुना हातात द्यावा लागतो. तो हा. चेकची प्रत, टेम्पोवाल्याची पावती आणि सचिवपदाचा राजीनामा सोबत आहे, माझ्याच सदराच्या पानात गुंडाळून. या पैशाची सगळी हकिकत मी धर्मादाय कार्यालयाला आणि निवडणूक कार्यालयाला आज रजिस्टर पोस्टानं धाडलीय. तू चेक कोरा दिला होतास, तुला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, हे दोन्हीकडं पहिल्याच वाक्यात लिहिलंय. निवडणुकीवर तक्रार करायची मुदत गेली की राहिली, तुझं पद राहतं की जातं, ते वकिलाला विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं पळवाट सांगितली असती आणि मी ती घेतली असती.

एक गोष्ट मात्र तुला सांगायची राहिली, आणि सगळ्या पत्रात तेवढीच तुझ्यासाठी आहे. टेम्पोत एक्केचाळीस माणसं होती, त्रेचाळीस नव्हती. अजिनाथ आणि मंगल त्यात नव्हते. माझा टेम्पो फडावर पोचायच्या आधीच ते निघाले होते. तीन एसट्या बदलून, लेकरू मांडीवर घेऊन आले. परत जाताना मी त्यांना टेम्पोत बसा म्हटलं, तर मंगल म्हणाली, “न्हाई. आमी आमच्या पैशानं आलोत, आमच्याच पैशानं जातोत. सासऱ्याला घरी आनलं तवा कलीमभाईनं चा सुदिक घेतला न्हवता.” उद्या सकाळी दहाला मी फळ्यापाशी येतोय. रॉकेल, चिंधी आणि पांढऱ्या रंगाची छोटी डबी घेऊन. आधी रॉकेल लावून तो आकडा पुसणार, मग त्या जागी लिहिणार, “दोन.” त्याखाली खडूनं बाकीच्या एक्केचाळीस जणांचं भाडं कुणाच्या पैशातून गेलं ते लिहिणार आणि माझं नाव. सगळा वॉर्ड वाचेल. तू त्यांच्याबरोबर उभा राहून वाचावंस, हे मला नको होतं. तू आधी वाचावंस, एकट्यानं, बसून, म्हणून हे पत्र. उद्या तू बाहेर आला नाहीस तरी चालेल. आलास, तर शिडी धर. ती ओळ सरळ यायला हवी.

तुझाच, रागावून परत केलंस तरी तुझाच,
अंगद