पेपरची पुण्याई

३ फेब्रुवारी

गेलं. तिसऱ्यांदा! प्राध्यापकपद बगळ्याला मिळालं. माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा, पेशंटच्या खाटेजवळ कधी दिसला नाही, पांढऱ्या कोटाला एक सुरकुती नाही. पण पेपर एकशे दहा! शेजारी कुणी शिंकलं तरी हा सहलेखक. माझे एकोणीस, सगळे रक्ताच्या नळ्या स्वतः वाहून केलेले.

खातेप्रमुख म्हणाले, "मॅडम, काम चांगलंय हो. पण सायटेशन कुठायत? दुसऱ्यांच्या पेपरांत कुणी तुमचं नावच घेत नाही." पुढची जागा वर्षअखेरीला निघेल. तोवर एका तरी पेपरला दोनशे करा म्हणे. जणू स्वेटरचे टाके!

४ फेब्रुवारी

जाऊबाईंचा फोन. "झालं का हो तुमचं प्रमोशन?" माहीत असून विचारतात. मीही गोडच बोलले.

१७ मे

आज सहज आकडा पाहिला. (सहज कसलं, रोज बघते.) झोपेच्या गोळीवरचा माझा जुना पेपर — म्हाताऱ्या माणसांनाही पूर्ण डोस चालतो, असं त्यात दाखवलं होतं. तेरा सायटेशनवर अडकून बसला होता. आता एकदम साठ!

हे म्हणाले, "उशिरा का होईना, जगाला अक्कल आली म्हणायची." बगळ्याला मुद्दाम जिन्यात गाठून गुड मॉर्निंग केलं.

२ जून

वाचायला नको होतं.

नव्या पेपरांपैकी एकही माझ्या बाजूचा नाही. 'याउलट'. 'हा निष्कर्ष आता टिकत नाही'. एकाने तर 'दुर्दैवाने' लिहिलंय! त्या डोसने म्हातारी माणसं तोल जाऊन पडतात, अर्धाच द्यायला हवा, असं सगळ्यांचं म्हणणं. आणि हे आधी कुणी लिहिलं? चिमणीने! माझ्या विद्यार्थिनीने! सुई कशी धरायची हे मी शिकवलं तिला. गुरूची विद्या गुरूलाच फळली.

५ जून

तिचं गणित तीनदा तपासलं. चूक सापडू दे, सापडू दे करत. सापडली नाही. कार्टी बरोबर आहे. मी गोळी दिल्यावर संध्याकाळपर्यंतच रक्त घेतलं होतं, तिने दुसऱ्या दिवशीही घेतलं. औषध तिथेच, ठाण मांडून बसलेलं. तेव्हा आमच्याकडे रात्रपाळीला माणूसच नव्हता! हे सगळं पटतं, तरी तिचा राग येतो. खूप येतो.

६ सप्टेंबर

एकशे चाळीस. झोडपायला रांग लागली आहे.

२० नोव्हेंबर

मुलाखत. आकडा दोनशे बारा.

घरून ठरवूनच गेले होते, सांगून टाकायचं. हे सायटेशन मी चुकले म्हणून आहेत. सुरुवातही केली — "त्या पेपरबद्दल एक सांगायचं होतं..." अध्यक्ष हसले. "आकडा बोलतोय की मॅडम, तुम्ही कशाला बोलता!" सगळे हसले. मीही हसले. पाच माणसं बसली होती, एकानेही पेपर उघडला नव्हता. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि खरं सांगायचं तर, त्याहून जास्त हायसं वाटलं. पुन्हा तोंड उघडलं नाही.

१ डिसेंबर

झाले प्राध्यापक! जाऊबाईंना आपण होऊन फोन केला. त्यांनी कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला. बगळ्याने हात मिळवला — "दोनशे बारा म्हणजे कमालच!" याने तरी वाचलं असेल का? छे!

१५ जानेवारी

खात्यात लेक्चररची जागा निघाली आहे. अर्जांची छाननी माझ्याकडे. त्यात चिमणीचा अर्ज. 'यांना माझ्याबद्दल विचारावे' या रकान्यात तिने माझं नाव दिलंय.

तिच्या त्या पेपरला सायटेशन नऊ. तेच काम नंतर एका मोठ्या हॉस्पिटलने पुन्हा केलं, आता लोक त्यांचंच नाव घेतात. चुकलेल्या पेपरला दोनशे बारा, बरोबर असलेल्याला नऊ. अट किमान पंचवीसची.

"नियम आहे मॅडम," क्लार्क म्हणाला. "तुम्ही म्हणालात तर वर विचारता येईल."

बाद केलेल्यांच्या यादीवर सही करून दिली.