रोवनखालची थप्पड

३ मे १४३८

थप्पड आठवते का, म्हणून काकांनी विचारलं! तेही भर जेवणात. सगळ्यांचे हात थांबले.

आठवते की! डाव्या गालावर बसली होती, कान झणझणेपर्यंत. मी सात वर्षांची होते. आरीवानच्या कुरणाची हद्द ठरली, दोन्ही कुळांच्या म्हाताऱ्यांनी मिळून दगड पुरला, आणि मला नि याखनला त्या दगडाशी उभं करून एकेक सणसणीत ठेवून दिली. पोरांनी जागा जन्मभर विसरू नये म्हणून. आमच्याकडे हद्द अशीच लक्षात ठेवतात. ते म्हातारे कधीच गेले. उरलो आम्ही दोघं — मी मॅकार्डनांची, तो मॅकव्हेरनांचा.

आणि या हिवाळ्यात ओढ्याने वाटच बदलली. दगड गाळाखाली कुठे गेला, देव जाणे. रोवनच्या झाडाशी पुरला असेल तर आरीवान आमचं. खाली दोन ओढे मिळतात तिथे असेल तर त्यांचं.

रोवनशीच होता. मला लख्ख दिसतं. तोंडात सायीची चवसुद्धा आहे. मारल्यावर पोरांना काहीतरी गोड देतात, तशी दिली असणार.

५ मे

पाद्रीबाबांनी पोथीची उरलेली कोरी पानं दिली. म्हणाले, "मठात अक्षर शिकलीस, तर पापं तरी लिही." पापं कुठून आणू? धुकंच लिहिते.

आज कुरणावर गेले होते. दुपारभर धुकं हललं नाही. गवतात पडून राहिले. कुठेतरी गाय हंबरली आणि वाटलं, मी अजून गोर्मलाआईच्या झोपडीबाहेरच आहे. ती धार काढता काढता गाते आहे, दोन्ही कुळांच्या बायका एकमेकींच्या तक्रारी सांगत लोणी काढताहेत, आणि याखन माझी वेणी गाईच्या शेपटीला बांधतो आहे. मेला!

सरदाराघरची लेकरं दुसऱ्या कुळात वाढवायची, म्हणजे पुढे तलवारी निघत नाहीत, असं म्हणतात. म्हणून मी नऊ वर्षं त्यांच्यात होते. गोर्मलाआई याखनची आई; तिचं दूध आम्ही दोघं वाटून प्यायलो. सख्खी आई मला नीटशी आठवतही नाही. गोर्मलाआईचे हात आठवतात, गार आणि ताकाचा वास येणारे.

८ मे

स्वप्नात पुन्हा रोवन. पांढऱ्या फुलांनी लगडलेलं. थप्पड बसली, गार हात, सायीची चव. गंमत म्हणजे म्हातारे कुठे दिसलेच नाहीत.

१४ मे

साक्ष झाली. अक्षर वाकडं येतंय.

टेकाडावर एका अंगाला आम्ही, दुसऱ्या अंगाला ते. मध्ये पाद्रीबाबा, संतांची जुनी घंटा घेऊन. तिच्यावर हात ठेवून खोटं बोललं तर तोंड वाकडं होतं.

आधी याखन. किती रुंद झालाय! दाढीसुद्धा. घंटेवर हात ठेवून म्हणाला, "ओढ्यांच्या संगमाशी." मग मी. "रोवनशी."

त्यांच्याकडून आरडाओरडा. याखनने मात्र हात वर केला आणि घरात बोलावं तसं म्हणाला, "ए वासरा, नीट आठव की गं. आपले पाय भिजले होते त्या दिवशी."

"तुझे पाय कधी कोरडे असायचे रे?" माझ्या तोंडून निघून गेलं. दोन्हीकडची माणसं हसली. क्षणभर वाटलं, संपलं सगळं, आता घरी जायचं.

"मला मधाची भाकरी दिली होती," तो म्हणाला. "तुला?"

"साय."

"साय? कुणी दिली?"

मला सांगता येईना. काका मध्येच गरजले, "मॅकार्डनांची पोर घंटेवर खोटं बोलत नाही!" तिकडून त्यांचा सरदार, "मग आमचा पोरगा बोलतो काय?" झालं. माणसांचे हात कमरेला गेले ते तिथेच राहिले.

गोर्मलाआई आली नव्हती. गाय अडली आहे म्हणे.

निघताना याखन जवळून गेला. हळूच म्हणाला, "तू खोटं बोलत नाहीस, हे मला माहीत आहे. त्याचीच भीती वाटते."

दोघांपैकी कुणाचंही तोंड वाकडं झालं नाही.

१५ मे

आरशासारखा तलाव आहे आमचा. सकाळी तोंड पाहून आले. सरळच आहे.

१९ मे

काकांना म्हटलं, "एकदा गोर्मलाआईला विचारून येऊ का?"

"शत्रूच्या दारात? आत्ता? डोकं फिरलंय का तुझं?"

मी गप्प बसले. इथे तर खरं लिहू दे. काकांना भिऊन नाही बसले. वाटेवर पहारा आहे, पण गुरांमागून जायची वाट मला डोळे मिटून येते. जाता आलं असतं. मला विचारायचंच नव्हतं! साऱ्या टेकाडासमोर बोलले होते. तिने "नाही गं, संगमाशी" म्हटलं असतं तर? काकांना काय तोंड दाखवलं असतं?

शिवाय मला दिसतं ना. फांदी न् फांदी दिसते.

२७ मे

लढाई ठरली. २ जूनला, आरीवानवरच. पाद्रीबाबा दोन्हीकडे जाऊन आले, दोन्हीकडून शिव्या खाऊन आले. "त्या दोन थपडांपायी गावं उजाड होणार," म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

२ जून

खिंडीपाशी प्रत्येकाने एकेक दगड टाकला, आमच्यांनी आमच्या राशीवर, त्यांनी त्यांच्या. जो परततो तो आपला दगड उचलून नेतो. आम्ही बायका वर थांबलो.

धुकं होतं. काही दिसलं नाही. नुसते आवाज — तेही दूरचे, कुणी ओटचं पीक झोडपत असावं तसे. मध्येच शांत. मध्येच एक चंडोल गायला. मला पेंग आली! अशा वेळी! अर्ध्या झोपेत दिसलं, याखन ओल्या पायांनी चढून येतोय, हातात मधाची भाकरी. "घे, अर्धी तुझी."

३ जून

जिंकलो. आमच्या राशीवर एकोणीस दगड उरले आहेत. मयतांचे दगड उचलत नाहीत, तिथेच राहतात.

त्यांच्या राशीशी मी एकटीच गेले. बरीच मोठी आहे. वरच होता, मधोमध भोक पडलेला काळा दगड. तो आम्हाला ओढ्यात सापडला होता. याखन त्यातून एक डोळा लावून माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "वासरू दिसतंय, वासरू!" इतकी वर्षं जपला होता त्याने.

भोकात बोट घालून बसले. रडूही येईना. माझा भाऊ गेला.

४ जून

आरीवान आमचं. काका म्हणाले, "पोरी, तू मिळवून दिलंस." मला वाढायला सांगितलं. वाढलं.

९ जून

गुरं वर नेली. रोवन फुललंय. स्वप्न पडत नाही आता.

११ जून

गोर्मलाआई आली होती, जुन्या झोपडीतली दुधाची भांडी न्यायला. मी पाय धरायला वाकले, तिने उठवलं. माझ्या डाव्या गालावर हात ठेवला. गार, ताकाचा वास येणारा.

"रोवनशी म्हाताऱ्यांनी नव्हतं गं मारलं तुला. मी मारलं होतं. हद्द ठरली त्याच्या दुसऱ्या दिवशी. सायीचं भांडं चाटूनपुसून ठेवलं होतंस."

मग भांडी काखोटीला मारली. "मला कुणी विचारलंच नाही," म्हणाली, आणि उतरून गेली.