आमच्या घरात ऊन येत नाही

२२ सप्टेंबर, सकाळी

आजपासून वसंत, इथे ऋतू उलटे. कॅलेंडरवर तसं छापलंय. बाहेर पाऊस.

रात्री बायकोशी, नेलित्साशी बोलणं झालं. म्हणजे ती बोलली. नेरियो, हे घर मला खातंय, म्हणाली. चिनितेच्या सणापर्यंत या घरात एकदा, फक्त एकदा ऊन येऊ दे. नाही आलं तर मी चालले आरीकाला, मायग्वालिदाकडे. मायग्वालिदा म्हणजे माझी मेहुणी. आरीका म्हणजे या चिलीचं अगदी वरचं टोक, निव्वळ वाळवंट. तिथे म्हणे पाऊस पडतच नाही.

मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच? आपल्या माराकाइबोच्या देवीचा, चिनितामाईचा सण अठरा नोव्हेंबरला. तोवर ऊन नको नको होईल. बायका उगाच घायकुतीला येतात.

संकल्प: रोज डायरी लिहायची. चिडायचं नाही. ऊन आणायचं.

२५ सप्टेंबर

पाऊस. डायरी मध्ये दोन दिवस राहिली. पानं दमट होती, पेन चालत नव्हतं.

न्हाणीघराच्या भिंतीवर बुरशी. नेलित्सा व्हिनेगरनं पुसते, ती परत येते. मी म्हटलं, लाकडी घरं थोडा रंग धरतातच.  मग तिचं नेहमीचं: घर तू निवडलंस.

हो, मीच निवडलं. सांगायला लाज कसली? जानेवारीत इथे आलो तेव्हा ऐन उन्हाळा, सगळं वाल्दिविया शहर तळून निघत होतं. आणि हा वरचा मजला मात्र माठासारखा गार. दाखवायला आलेली बाई आवाज खाली करून म्हणाली, खरं सांगते, या घरात ऊन अजिबात येत नाही. मी तिथल्या तिथे सही ठोकली. माराकाइबोसारख्या भट्टीतून आलेल्या माणसाला घर कसं निवडावं हे कोणी शिकवू नये. आमच्याकडे घराचं कौतुक एकाच शब्दात करतात: थंड. नेलित्सा तेव्हा समोरच्या एदेल्मिराबाईंच्या घराकडे बोट दाखवून म्हणाली होती, ते बघ, कसं उजेडानं भरलंय. मला हसू आलं होतं. बाईंची कीवही आली होती.

इथे सूर्य उत्तरेनं जातो आणि आमच्या सगळ्या खिडक्या दक्षिणेला. हे मला कोणी सांगितलं नाही. नेलित्सा म्हणते, तिनं सांगितलं होतं. असेल.

३ ऑक्टोबर

पाऊस. वखारीत लाकूड ओलं, गिऱ्हाईक तापलेलं. मालक सेगुंदो म्हणाला, ओलं लाकूड आणि माराकाइबोचा माणूस, दोघंही नुसते धुमसतात, पेटत मात्र नाहीत. हसलो. मालक आहे.

त्याला माहीत नाही मी कोण होतो. तीस वर्षं एसी बसवले, दुरुस्त केले. बँकेत, दवाखान्यात, खुद्द बिशपच्या घरी. तीस वर्षं लोकांच्या घरातून ऊन बाहेर काढलं. मग एका घरात ते आत घ्यायला कितीसा वेळ लागणार? तत्त्व तेच, फक्त उलटं.

५ ऑक्टोबर, रविवार

एउदोकडे सगळे माराकाइबोवाले जमलो. एउदो माझ्याबरोबर वखारीत असतो. गप्पा फक्त उन्हाच्या. कोणाच्या गाडीचं दार कसं हाताला चटके द्यायचं, कोणाची चप्पल डांबराला कशी चिकटून राहिली. एकाला तर रडूच फुटलं. हीच माणसं तिथे असताना उन्हाला उठता-बसता शिव्या घालायची! दुपारी बाहेर पडणाऱ्याला येडा म्हणायची. मी तसं स्पष्ट सांगितलं. मला ऊन-बिन काही आठवत नाही, असंही सांगितलं. नेलित्सा म्हणाली, मग मोबाइलवर रोज माराकाइबोचं तापमान कोण बघतं रे?

सहज बघतो. आज अडतीस होतं.

११ ऑक्टोबर

पाऊस. नेलित्सा आता सकाळची एदेल्मिराबाईंकडेच असते. बाई एकट्या, विधवा, त्यांना सोबत होते. ढगाळ असलं तरी त्यांच्या स्वयंपाकघरात सुई दिसते म्हणे. शिलाई मशीनही तिकडे नेलं. तात्पुरतं. मशीन मीच उचलून दिलं.

एक बरं झालं, घर मोकळं मोकळं वाटतं. बाईंनी दारात टोमणा मारलाच. काय शेजारी, ऐकते तुमच्याकडे अळंबी उगवायला लागली? विकायला काढा, पहिली पाटी माझी. मी म्हटलं, विचार चालू आहे.

१८ ऑक्टोबर

सुचलं! काल अंथरुणात सुचलं, पण नेलित्साला उठवलं नाही. (ती जागीच होती, असं सकाळी म्हणाली.)

आरसा. कपाटाच्या दाराचा मोठा आरसा एदेल्मिराबाईंच्या भिंतीवर लावायचा, जरा मागे कलता. त्यांच्याकडचं ऊन रस्ता ओलांडून थेट आमच्या जेवणाच्या टेबलावर. इतकं सोपं! या देशातल्या एकाही माणसाला अजून सुचलं कसं नाही?

नेलित्सा म्हणाली, आरशापेक्षा घर बदलणं सोपं आहे. मी म्हटलं, घरात काय वाईट आहे?

२३ ऑक्टोबर

आरसा बसला. एउदोनं शिडी धरली. बाईंची एकच अट, माझं तोंड दिसेल असा लावू नका, या वयात मला ते बघायचं नाही. दुपारभर पाऊस. आता खिडकीतून पाहिलं की समोर आपलंच घर दिसतं, आणि त्यावर पडणारा पाऊस. म्हणजे आरसा काम करतोय.

चिनितामाईची तसबीर नेलित्सानं बाईंकडे नेली. ओल लागून देवीच्या गालावर डाग पडला होता.

३० ऑक्टोबर

ऊन पडलं! मी वखारीत होतो. पळत आलो तोवर गेलं. कवडसा बरोबर आला होता, फक्त एक मजला खाली. खालच्या बाईंनी आभार मानायला केक पाठवला. म्हणाल्या, चार वर्षांत पहिल्यांदा माझ्या ओट्यावर ऊन आलं, देव तुमचं भलं करो.

नेलित्सानं केक खाल्ला नाही. मी दोन तुकडे खाल्ले. आरशाखाली पाचर मारायला हवी.

७ नोव्हेंबर

पाऊस. पाचर मारली.

नेलित्सानं बसचं तिकीट काढलंय. अठराचं, दुपारचं. फ्रिजवर चुंबकानं लावून ठेवलंय, मला दिसावं म्हणून. दिसलं. दूध काढून घेतलं.

जेवताना म्हणाली, नेरियो, ऊन राहू दे. तू एक वाक्य बोल. माझं चुकलं, आपण दुसरं घर बघू. एवढं बोललास तरी मी तिकीट फाडते. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी काहीतरी बोललो असतो. मी म्हटलं, घर चुकलेलं नाही, आभाळ चुकलेलं आहे. ती म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मग आम्ही दोघांनी भांडी घासली. ती विसळायची, मी पुसायचो. फडकी वाळत नाहीत, त्यामुळे भांडी ओलीच राहिली.

१२ नोव्हेंबर

पाऊस. विशेष काही नाही.

तिचा ड्रॉवर रिकामा आहे. मोजे शोधताना उघडला गेला. मला काही वाटलं नाही. बराच वेळ तसाच उघडा धरून उभा होतो, मग वखारीची वेळ झाली.

माराकाइबो एकोणचाळीस.

१७ नोव्हेंबर

उद्या ऊन! रेडिओ म्हणाला, मोबाइल म्हणाला, सेगुंदोचा दुखरा गुडघाही तेच म्हणाला. शेवटी नेरियो विल्यासमिल खोटा ठरणार नाही म्हणजे नाही.

खिडक्यांच्या काचा घासल्या. आरसा पुसला. पाचर तपासली. टेबल बरोबर जागेवर सरकवून पायांभोवती खडूनं खुणा केल्या. नेलित्सा दारात उभी राहून बघत होती. आलं तर राहशील ना, म्हटलं. म्हणाली, शब्द दिलाय. आणि बऱ्याच दिवसांनी हसली. मग मला म्हणाली, वेडा आहेस तू, आणि खडूनं भरलेला माझा हात तिच्या अ‍ॅप्रनला पुसू दिला.

माझ्या अंगावर काटा आला. थंडीनं असेल.

१८ नोव्हेंबर, चिनितेचा सण. सकाळी लवकर

ढग. पण पातळ. नेलित्सा पिकलेल्या केळ्यांच्या मांदोका तळतेय, सणाला करतात ती कडीच्या आकाराची गोड भजी. घरभर वास. एउदोनं फोनवर सणाची गाणी लावून ऐकवली. बॅग दाराशी आहे. नुसती आहे.

१८ नोव्हेंबर, संध्याकाळी

घडलं ते क्रमानं लिहितो, म्हणजे कोणाचा गैरसमज नको.

सकाळभर खिडकीशी बसलो होतो. दहा वाजून गेले तरी ढग हलेनात, म्हणून दाढी करायला गेलो. बाहेर आलो ते टॉवेलनं तोंड पुसत. खोली पेटल्यासारखी उजळली होती. बरोबर टेबलावर. खडूच्या खुणा अचूक होत्या. नेलित्सा टेबलाशी बसलेली, दोन्ही हात पालथे उन्हात ठेवून, डोळे मिटून.

माझ्या डोळ्यांवर तिरीप आली. काय मेलं ऊन हे, असं म्हणून मी पडदा ओढला.

मी नाही, हातानं ओढला. माराकाइबोत रोज सकाळी याच वेळी, याच हातानं, हाच पडदा ओढायचो. जाड आहे, बॅगेतून मुद्दाम आणला होता, किरणसुद्धा आत येत नाही.

नेलित्सानं डोळे उघडले. हात टेबलावर तसेच. ती रागावली नाही, रडलीही नाही. मला वाटलं हसेल. मी पडदा पुन्हा उघडायला गेलो तर म्हणाली, राहू दे, नेरियो. आणि मांदोका कागदात बांधायला लागली. अर्ध्या मला ठेवल्या.

मला ते एक वाक्य तेव्हा आठवलं. म्हणजे तोंडात आलंही होतं. पण मी म्हटलं, बॅग मी घेतो.

बसस्टँडपर्यंत चालत गेलो. ती उन्हाच्या फुटपाथनं, मी सावलीच्या. मधून गाड्या जात होत्या. बॅग माझ्याकडे. तिनं एकदा हाक मारली, इकडे ये रे. मी म्हटलं, इथे बरं आहे. बस सुटताना तिनं काचेवर हात ठेवला. काचेवर ऊन होतं, त्यामुळे चेहरा काही दिसला नाही.

घरात ऊन आलं होतं, ही गोष्ट मात्र कोणी नाकारू नये.

१९ नोव्हेंबर

दिवसभर कडक ऊन. लाकूड वाळतंय, सेगुंदो खूश. एदेल्मिराबाईंनी विचारलं, मशीनचं काय करू? म्हटलं, असू दे, तात्पुरतं आहे.

नेलित्सा अजून वाटेतच आहे. दोन दिवस लागतात.

उरलेल्या मांदोका खाल्ल्या. गार झाल्या होत्या. पडदा अजून ओढलेलाच आहे, मधल्या फटीतून कवडसा येतो म्हणून तिथे पिन लावली. घर छान थंड आहे. माराकाइबोत असं घर शोधून सापडायचं नाही.