नऊ नंबरचं तेल

३ तारीख, सोमवार

पोचले. खोली वरच्या मजल्यावर, खिडकीशी टेबल, उजेड डावीकडून. यापेक्षा जास्त मला काही लागत नाही. मालकीणबाईंनी स्वतः चहा आणून दिला. साठीच्या पुढच्या आहेत, कप ठेवला की हात लगेच शालीत जातात. मुलाखतीत त्यांनी माझं प्रमाणपत्र उघडूनही पाहिलं नव्हतं. एकच विचारलं होतं, मेण हातमोजे घालून लावतेस की उघड्या हाताने. उघड्या, म्हटलं. दोरीचा एखादा धागा सुटला तर तो डोळ्यांआधी अंगठ्याला कळतो. तेवढ्यावर काम मिळालं.

खाली दिवाणखान्यात त्यांच्या दिवंगत यजमानांचे, म्हणजे साहेबांचे, तेवीस क्रॉसबो टांगलेले आहेत. बंदुकीसारखा दस्ता, टोकाला आडवं धनुष्य. महिनाभरात सगळे नीट करून संग्रहालयाला द्यायचे. मग मी मापनाच्या प्रयोगशाळेत रुजू होणार. तिथे पहिल्याच दिवशी बोटांची परीक्षा असते: दोन ठोकळे शेजारी ठेवतात, केसाहून बारीक उंचवटा बोट फिरवून सांगायचा. मी सांगू शकते. बढाई नाही, मोजून झालेलं आहे.

माळीकाका सामान वर घेऊन आले. म्हणाले, या तेवीस जणींची तेलफणी करता करता तुमची राहून जाईल हो, इंजिनीअरबाई. मी हसले, असं वाटतं.

५ तारीख, बुधवार

दोरीला मेण लावून चिमटीत चोळायचं. चिमटीच्या उबेने ते धाग्यांत मुरतं. दस्त्यावरच्या ज्या लांब पट्टीवरून दोरी घासत धावते ती रेल. तिला तेलाचा एक थेंब, बोटाने टोकापर्यंत ओढायचा. जास्त झालं की धूळ धरतं.

आज नऊपर्यंत झाले. नऊ नंबर सगळ्यांत जुना. त्याची रेल हाडाची आहे, पिवळी, भेगाळलेली. वर्षभर कोणी हात लावलेला दिसत नाही. थेंब टेकवला आणि बोट ओढेपर्यंत तो आत गेला. दुसराही. जुनं हाड तेल पितं, हे ठाऊक आहे. सहा थेंबांनंतर बाटली बाजूला ठेवली आणि उजव्या अंगठ्याने जोर देऊन चोळत राहिले. नोंद: रेल कोमट लागली. उन्हामुळे असेल.

(नंतर: ती भिंत उत्तरेची आहे. तिथे ऊन येत नाही.)

७ तारीख, शुक्रवार

नऊची रेल ओली आहे. मी परवापासून तेल घातलेलं नाही. बाटलीवर पेन्सिलने खूण केली होती, पातळी तिथेच आहे. रेल कोरडी पुसली. चहा होईपर्यंत पुन्हा ओली.

कापड तोलून रेल पुसली आणि ते पुन्हा तोललं. दोन दशांश ग्रॅम वाढ. हे आपलं तेल नाही. वास ओळखीचा आहे, पण आठवत नाही.

उजवा अंगठा फुटलाय. हवा कोरडी असावी.

१० तारीख, सोमवार

फोन अंगठा ओळखेना. भिंगाखाली पाहिलं, रेषा सपाट झाल्या आहेत. बाकीच्या बोटांच्याही पुसट. कातडी जुन्या कागदासारखी, दाबली की दबलेलीच राहते.

दुपारी पाण्याचा ग्लास हातातून निसटला. माळीकाका काचा गोळा करायला वाकले आणि माझी बोटं बघून तसेच थांबले. मग म्हणाले, साहेबांचंही शेवटी असंच झालं होतं, पुस्तकाचं पान उलटता यायचं नाही. आजार कोणता, विचारलं. बाईंना विचारा, म्हणाले, आणि पाइप घेऊन बागेत गेले.

वास आठवला. उशीच्या अभ्र्याला येतो तो. माझ्या उशीच्या.

१३ तारीख, गुरुवार

ताईकडे आले आहे. बसने पाच तास. तिने दार उघडताच विचारलं, तिथे तुला भांडी घासायला ठेवलंय का गं. मग हात हातात घेतला आणि तशीच डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी मलम दिलं. सकाळी थापलं, दुपारी मागमूस नव्हता. ताईच्या मते मुरलं.

बाईंना फोन केला, दोन दिवस उशीर होईल म्हणून. नऊ नंबर छान चमकतोय, काळजी करू नकोस, म्हणाल्या.

मी नऊ नंबरचं नाव काढलं नव्हतं.

१५ तारीख, शनिवार

डोळे मिटून उजव्या हाताची चाचणी घेतली. काच, कापड, ताईचा गाल. तिन्ही सारखेच लागतात. डावा अजून बरा आहे. लांब जाऊन उपयोग नाही, हे तपासून झालं. उद्या परत. ताईला कारण सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय आहे?

१७ तारीख, सोमवार

बाईंना सरळ विचारलं. त्यांनी शालीतून हात बाहेर काढले. दोन बोटं वाळलेल्या शेंगांसारखी.

सगळं सांगितलं, भाजी निवडावी तसं, सावकाश. साहेबांनीही पहिल्यांदा उघड्या अंगठ्यानेच चोळलं होतं. जो चोळतो त्याच्यातली ओल ते धनुष्य ओढून घेतं, तो कुठेही असो. साहेब गेले, रेल कोरडी पडली आणि काही महिन्यांनी बाईंची बोटं वाळू लागली. त्यांनी कधी त्याला शिवलंही नव्हतं. घरात दुसरं माणूस नव्हतं, एवढंच. परवापासून त्यांच्या हाताला जरा ओल आलीय.

“तू आली नसतीस तर मी गेले असते गं बाळा. पोटची मुलगी असती तर तिला बोलावलं नसतं, एवढं खरं.”

मोडलं तर काय होईल, हे त्यांना माहीत नाही. साहेब दोरी कापायला कात्री घेऊन गेले होते. बोटांना धरता आली नाही.

१९ तारीख, बुधवार

डोळे मिटताना आवाज होतो. जीभ टाळूला चिकटते.

बाण न लावता चाप ओढला तर सगळा जोर धनुष्यातच परत जातो. फुटतं. आम्हाला पहिल्या तासाला शिकवतात, हे कधीही करायचं नाही.

माळीकाकांना म्हटलं, तुम्ही ओढा. ते रडवेले झाले. “घरी माणसं आहेत हो माझी.” राग आला नाही. मीही नसतं ओढलं.

२० तारीख. सकाळ

नऊ नंबरला टेबलाला जखडलं. मनगटांनी हँडल फिरवून दोरी ताणली, अर्धा तास लागला. रेलवरून थेंब गळतायत. फरशीवर — माझे.

डाव्या हाताने लिहितेय.

उजवं बोट चापात घातलं. ओढलं. ओढलं असं वाटलं — पाहिलं तर बोट हललंच नव्हतं. डोळ्यांनी बघून ओढायचा प्रयत्न केला. बोट चापावर. मी इकडे. मधे काही नाही.

चापाला दोरा — गाठ बसेना.

डाव्यात जाण आहे अजून. हा एकच. फुटलं तर तुकडे याच बाजूला येणार. तरी —

डावं बोट घालून पाहिलं.

लगेच काढलं.

चाप कोमट आहे. आणि आत आधीच कोणाचं तरी बोट आहे. कोरडं, कागदासारखं. त्याने माझं बोट धरलं. घट्ट नाही.

तेही ओढायला बघतंय, की मला अडवतंय — हात पुन्हा घातल्याशिवाय कळणार नाही. पेन ठेव