जुन्या यादीवर नवी यादी

मंगरूळपीर, मंगळवार, संध्याकाळ

घरकुलाची नवी यादी आज दुपारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर चढवली. साहेब म्हणाले, जुन्या फाईलच्याच नावाने टाका, जुनी आपोआप जाते. टाकली.

चार वाजता सखूबाई आल्या. "पोरी, मांगच्या यादीत माहं नाव होतं. आता मले म्हणतात, होतंच नाही. मंग मी काय सपनात वाचलं?" हरकतीची मुदत उद्या संपते, आणि पुरावा मीच पुसलेला.

शिपाई नामदेवकाका हसले. "काहून घाबरून राह्यली? बाहेरच्या नोटीस बोर्डावर पाह्य ना." ते नवा कागद जुन्यावरच चिकटवतात. पाणी लावून वरचा सोडवला. खाली जुनी यादी, सही-शिक्क्यासकट. सखूबाईंचं नाव शाबूत. फोटो काढून हरकतीला जोडला.

पण पुढच्या महिन्यापासून बोर्ड बंद, सगळं फक्त संकेतस्थळावर. तिथे खाली काही उरत नाही. त्याच नावाने नवी टाकली की जुनी गेलीच. अशा किती याद्या घालवल्या मी? नोंदच ठेवलेली नाही.

जुन्या याद्या कुठे ठेवायच्या, हे उद्या साहेबांना लेखी विचारणार. तोंडी विचारलं, तर मी विचारलं होतं हेही कुठे राहणार नाही.