अण्णांनी हात उचलला नव्हता

आई, मला तुझा राग आलाय. तू गेलीस तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि नुसतं रडू यायचं. राग आता आलाय, बारा वर्षांनी, आणि तो कुणापाशी बोलून दाखवता येत नाही.

एक दिवस सारखा आठवतो. तू चुलीपुढे बाजरीची भाकरी थापते आहेस, पदर भुवयांपर्यंत ओढलेला. उजवा डोळा पार मिटलाय, ओठ एका बाजूनं जाड झालाय. खाज नाही, लाली नाही, नुसती घट्ट सूज. शेजारच्या काकू ताक मागायला येतात, वाकून बघतात आणि म्हणतात, "अगं बया! मालकानं हात उचलला व्हय गं?" अण्णा तर दोन दिवस ऊस घेऊन कारखान्यावर गेलेले. मला वाटतं, तू आता सांगशील. तू भाकरी उलथतेस आणि हसतेस. "चालायचंच की काकू. संसार हाय." काकू म्हणतात, "दिसतो तर लई गरीब. मान्साचं काय कळत न्हाई बाई." त्या गेल्यावर मी विचारलं, अण्णांनी कुठं मारलं? तू माझ्याकडे न बघताच म्हणालीस, "गप बस. मारलेलं लोकं इसरत्यात. रोगी म्हन्ली तर उद्या तुला कोन सून करून न्हेनार?"

तेव्हा मला हे शहाणपण वाटलं होतं. पण आई, अण्णांचं काय? तुझी सूज बघून त्यांना घाम फुटायचा. ते पित्ताच्या गोळ्या आणायचे, पण त्या गोळ्यांनी कधी उतार पडला नाही. पारावर लोक काय बोलतात ते त्यांना कळत होतं, आणि तू हात जोडून त्यांनाही गप्प केलंस. बायकोला मारणारा माणूस हे नाव त्यांनी तुझ्यासाठी, माझ्यासाठी अंगावर घेतलं.

मग तुझी दाढ दुखायला लागली. अण्णांनी मोटारसायकलवरून तालुक्याला नेलं, मी मधे बसले होते. दातांच्या डॉक्टरांनी सरळ विचारलं, "याआधी कधी अंगावर सूज? कसली ॲलर्जी?" तू म्हणालीस, "न्हाई बा. कायच न्हाई." किती सहज म्हणालीस! त्यांनी दाढ काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी तुझा आवाज जड झाला, मग बसला, मग तू नुसती गळ्याकडे बोट दाखवत राहिलीस. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ॲलर्जीची सगळी इंजेक्शनं दिली. एकाचाही उपयोग झाला नाही, कारण ती ॲलर्जी नव्हतीच. आणि तुझं प्रेत अंगणात असताना मामानं अण्णांची कॉलर धरली. "गळा दाबलास ना रं तिचा?" आळीतल्या कुणालाही ते खोटं वाटलं नाही. डॉक्टरांच्या कागदावर घशाला सूज असं लिहिलं होतं, पोलीसही तो वाचून परत गेले. पण आळीनं कागद कुठं वाचला होता! मावशी, तुझी सख्खी बहीण, तोंडात पदराचा बोळा धरून उभी होती. तिला सगळं माहीत होतं.

घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. मायक्रोबायोलॉजी केलं, केडगावच्या एका लॅबमध्ये लागले. निकालाचे पेढे अण्णांनी घरोघर नेले, तेव्हा काकूंनी पेढा त्यांच्या हातून घेतला नाही, मला बोलावून माझ्या हातून घेतला. लॅबमध्ये एकदा एका बाईचं रक्त आलं, चेहरा अधूनमधून सुजतो म्हणून. आमच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. आपल्या रक्तात काही प्रथिनं पहाऱ्यावर असतात, त्यांना कॉम्प्लिमेंट म्हणतात. जंतू शिरला की एक दुसऱ्याला उठवतं, दुसरं तिसऱ्याला. आणि एक प्रथिन या सगळ्यांना थांबवण्यासाठी असतं. काही घराण्यांत हे थांबवणारंच कमी असतं. मग पहारेकरी विनाकारण उठत राहतात आणि संपत जातात. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपू नये हेही तेच थांबवणारं बघतं, म्हणून सूज. दाढ काढण्यासारखं निमित्त झालं की ती घशात उतरू शकते. आईला असेल तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. मी ऐकत होते आणि मला तुझा ओठ दिसत होता. लॅबमध्ये कुणाला न सांगता मी माझं रक्त पुण्याला पाठवलं. आई, मलाही आहे.

दाढ काढायच्या आधी तुला दुसऱ्याच्या रक्तातला प्लाझ्मा देता आला असता, त्यात ते थांबवणारं प्रथिन असतं. नगरला मिळतो तो, तेव्हाही मिळत होता. तू 'व्हय, सूज येते' एवढंच म्हणायचं होतंस.

मी मावशीकडे गेले, रिपोर्ट तिच्यापुढे आपटला. ती म्हणाली, "तुजी आजी बी अशीच गेली पोरी. आमा बहिनींना लहानपनापासून सांगितलं हुतं, तोंड उघडायचं न्हाई, भावापाशी बी न्हाई." मी ओरडले, "आणि अण्णांची कॉलर धरली तेव्हा?" तर म्हणते, "माज्या दोन पोरी उजवायच्या हुत्या. तू बी अजून उजवायची हाईस. कागद ठिवून दे आता." तुमची ही सगळी शहाणी बायकांची जात! लॅबमध्ये कुणी पेशंट आजार लपवायला लागला की मी भांडते, आणि माझ्या घरात तीन पिढ्या हेच चाललंय. मी तिथंच ठरवलं, पारावर उभी राहून सांगेन. अण्णांना सोडवीन.

गेल्या रविवारी आपल्या घरी पाहुणे आले. लॅबशेजारी ज्याचं औषधांचं दुकान आहे, तो मुलगा. मला तो फार आवडतो. त्याच्या आई चांगल्या आहेत, मोकळ्या. पोहे खाता खाता त्या म्हणाल्या, "तुमच्याकडचं जुनं काहीतरी कानावर आलं होतं. आम्ही मनावर घेतलं नाही. बापानं केलेलं पोरीनं का भोगावं?" अण्णा समोरच होते, हातात पाण्याचा तांब्या. माझं वाक्य तयार होतं, चार महिने पाठ केलेलं. मी त्या मुलाकडे पाहिलं. अण्णांनी सगळ्यांचे पेले भरले आणि म्हणाले, "पोहे घ्या की, गार व्हत्यात."

मी पोहे वाढले.

त्यांचा होकार आलाय. अण्णा खूश आहेत, कालच मांडवाचं विचारून आले. त्यांनी रिपोर्ट पाहिलेला नाही, तुला नेमकं काय झालं होतं हे त्यांना अजून माहीत नाही. ही वही मी लॅबच्या कपाटात ठेवते. घरी नेली तर ते वाचतील.