समेटाच्या अंकात मारामारी

मु. कोंढा, ता. पवनी
मंडईनंतरचा बुधवार

आदरणीय हेमराज भाऊजींना धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे तेजरामचा नमस्कार. (नमस्कार एका हाताचा समजून घ्यावा. डावा खांदा अजून वर जात नाही, त्याचं कारण पुढे येतंच आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? खाणीत खाली उतरताना दुखतो असं जमुनाताई म्हणाली होती. पण ताई कोणत्या भावाला काय सांगते याचा मला आता भरवसा राहिलेला नाही, म्हणून तुम्हालाच विचारतो. फोन न करता पत्र लिहितोय तेही यामुळेच. फोन तीच उचलते, आणि तिला सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत तुमच्या चिखल्याहून निघून परत आमच्या भय्याजीच्या अंगणात पोचते. वाचून झालं की हे चुलीत घाला. गॅस असेल तर फाडून टाका.

भय्याजी माझा सख्खा थोरला भाऊ असूनही आमचं बोलणं बंद आहे, आणि ते आमच्या दोघांच्या धानाच्या बांध्यांमधल्या धुऱ्यापायी, त्या हातभर मातीच्या बांधापायी बंद आहे, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. (दर पावसाळ्यात तो धुरा वीतभर माझ्याकडे सरकतो. धुऱ्याला पाय नसतात. मग सरकवतं कोण? भय्याजी म्हणे हाच प्रश्न माझ्याबद्दल विचारतो. आता बोला!) गावातले शहाणे बसले, तुम्हीही एकदा मध्ये पडलात, सगळ्यांचा चहा झाला, समेट तेवढा झाला नाही. तेव्हा मी ठरवलं की समोरासमोर जमत नाही ते दिवाळीनंतरच्या जत्रेत, मंडईच्या नाटकातून सांगायचं. नाटक मीच लिहिलं. दोन भाऊ, एक धुरा, आणि तिसऱ्या अंकात धाकटा हात जोडून असं काही बोलतो की थोरल्याचे डोळे भरून येतात, गळाभेट होते आणि पडदा पडतो. धाकट्याचा पार्ट मी घेतला, थोरल्याचा गावातल्या धनंजयला दिला, कारण त्याचा आवाज भय्याजीसारखाच घोगरा आहे. मंडईला भय्याजी पुढच्या सतरंजीवर बसणार, बघणार आणि समजणार, एवढंच मला हवं होतं.

पण हा धनंजय पहिल्या तालमीपासून मला नीट वाटला नाही. डायरेक्टरही तोच. रोज तालीम संपली की मला बाजूला घ्यायचा आणि म्हणायचा, "काका, तिसऱ्या अंकात कोनाले त मारा लागन. नाई त पब्लिक उठून जाते." मी म्हणायचो, नाही, आपल्या नाटकात बोलणं जिंकणार. तो मान हलवायचा. मान हलवणारा माणूस ऐकतो असं नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. एके दिवशी तो पडद्यामागे बसून काठीला तेल लावत होता. नाटकात काठी नाही. विचारलं तर म्हणाला, सापासाठी ठेवली. थंडीत साप!

घरी येऊन हे सांगावं, तर डिंपल (तुमची भाची, पवनीला कॉलेजात जाते) मोबाईलवर गेम खेळत बसलेली. तिच्या बंदुकीसमोर एक माणूस उभा. मी म्हटलं, आधी त्याच्याशी बोलून बघ, त्याचं म्हणणं काय आहे? तर म्हणाली, "बाबा, यात बोलाचं बटन नसते. बोलत बसलं का मरते मानूस." मी चष्मा लावून अख्खा मोबाईल बघितला. उडी मारायचं बटण आहे, बाँब टाकायचं आहे, वाकून पळायचंही आहे. दोन शब्द बोलायचं खरंच नाही. ज्याने हे बनवलं त्याचा कुठल्या तरी धुऱ्यावर वाद चालू असणार, असा मला दाट संशय आहे.

मग मंडई आली. रात्रीचा मंडप बाहेरच्या नाटक कंपनीला दिला आणि आम्हाला दुपारची वेळ दिली. (का दिली, ते मी शोधून काढणार आहे.) गर्दी मात्र भरपूर होती. पोरीबाळी माहेरी आलेल्या, पाहुणे आलेले, आणि भय्याजी पुढच्या सतरंजीवर. मी त्याच्याकडे न बघता बघितलं. दोन अंक बरे गेले, कारण त्यात भांडणच होतं. तिसऱ्यात मी हात जोडून भाषणाला सुरुवात केली. "दादा, एका आईच्या ताटात जेवलो आपण..." एवढं झालं आणि मागून कोणीतरी ओरडलं, "भासन कायले देऊन राहिला बे, हान ना त्याले!" माझी बायको रुखमा शपथ घेऊन सांगते की तो आवाज तिच्या माहेरच्या माणसाचा नव्हता. मी विचारलंच नव्हतं, तरी सांगते.

मी भाषण सोडलं नाही. तेवढ्यात पेटीवाल्याने सूर चढवला (त्यालाही फितवलेलं होतं) आणि धनंजयने ती सापाची काठी काढून माझ्या खांद्यावर घातली. खोटी मारायची होती म्हणे, पण शिट्ट्या ऐकून त्याचा हात सैल सुटला. मी खाली बसलो. दुसऱ्यांदा काठी वर गेली, ती खाली आलीच नाही. बघतो तर भय्याजी रंगमंचावर! धोतर खोचलेलं, धनंजयची गचांडी धरलेली. "माह्या भावाले हात लावतेस काबे?" आणि असं बडवलं त्याला, की मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. कंपनीच्या नाटकाला रात्री याच्या अर्ध्यानेही टाळ्या पडल्या नाहीत.

मग भय्याजीने मला उठवलं, पाठीवरची धूळ झटकली आणि विचारलं, "लागलं का बे?" भाऊजी, इतक्या वर्षांत त्याने माझ्याशी काढलेला हा पहिला शब्द. आणि घात असा झाला की मी आपला समेटाचं भाषण पुढे सुरू केलं. दुसऱ्याच वाक्याला तो खाली उतरून घरी निघून गेला. तेव्हापासून पुन्हा तोंड बंद आहे.

बाकी सगळं ठीक आहे. धानाची कापणी आटोपली. ताईला नमस्कार सांगा, पत्राचं मात्र सांगू नका.

आपला,
तेजराम

ता.क. अड्याळचे लोक नाटक मागायला आले होते. म्हणाले, भाषण काढा आणि ते सतरंजीवरून उडी मारणारं पात्र तेवढं ठेवा.

ता.क. दुसरा. आता खरं काम. भय्याजी माझ्यासाठी धावला की धनंजयवर त्याचा आधीचाच राग होता, हे मला कळत नाही आणि कळल्याशिवाय झोप लागत नाही. तुमच्यावर तर त्याचा जीव आहे, राग मुळीच नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी या, भय्याजी बांधीत असेल तेव्हा धुऱ्यावर मला गाठा आणि दोन थापडा मारा. हात हलका ठेवा, पण फार हलका नको, नाटक त्याला लगेच कळतं. तो तुमच्या अंगावर आलाच तर माफ करा. या खेपेला मी तोंडातून एक अक्षर काढणार नाही.

ता.क. तिसरा. पहिल्या थापडेला तो जागचा हलला नाही, तर दुसरी मारू नका.